ट्रोलला हात लावू नको

नवरात्राला अजून वेळ आहे, हे मला माहीत आहे. पण आज जे सांगायचंय ते करायला आम्हाला गेल्या वर्षी अकरा आठवडे लागले, आणि शेवटच्या आठवड्यात घरातली तीन माणसं रात्री एक वाजेपर्यंत जागून सैनिकांच्या दाढ्या रंगवत होती. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आत्ताच लिहितेय. शिवाय तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली मुलांनी खेळायचं सोडलेल्या खेळण्यांचा एखादा डबा असणारच. आमच्याकडेही होता.

भाऊजींची बदली पुण्याहून कुंभकोणमला झाली. ताई, भाचा आणि सामानाचा ट्रक यांच्याबरोबर मीही गेले. मिक्सर आणि गाद्यांची वर्णनं लिहिणं हे माझं काम, ते लॅपटॉप असला की कुठूनही होतं. महामहम तलावाजवळच्या एका गल्लीत वरचा मजला भाड्याने मिळाला. खाली घरमालक, म्हणजे आमचे मामा आणि मामी. भाचा तेव्हा आठवीत गेला होता. शाळेतली मुलं चांगली होती, पण मधल्या सुट्टीत सगळे तमिळमध्ये बोलायचे आणि हा डबा खाऊन लवकर वर्गात जाऊन बसायचा. घरी आला की खोलीत. ताई म्हणायची, "रुळेल हळूहळू." जुलै संपला तरी रुळला नव्हता.

त्याच्या खोलीत बुटांचा एक मोठा खोका होता. आत साठेक छोटे सैनिक, प्रत्येक जण साधारण २८ मिलिमीटर उंचीचा. तुम्ही वॉरहॅमर हे नाव ऐकलं असेल. १९८३ पासून चालत आलेला हा ब्रिटिश खेळ. टेबलावर डोंगर, घरं, झाडं मांडायची आणि एल्फ, ऑर्क, ट्रोल, बुटके, सांगाडे यांच्या फौजा फासे टाकून एकमेकांवर चालवायच्या. सैनिक प्लास्टिकच्या सुट्या तुकड्यांत येतात, ते आपण चिकटवायचे, रंगवायचे. खेळ महाग आहे. म्हणून भाच्याने आणि पुण्यातल्या त्याच्या मित्राने वाढदिवसाचे पैसे एकत्र करून, कुणाचे जुने विकत घेऊन, काही दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्तातले मिळवून दोघांत मिळून ही फौज जमवली होती. निघताना मित्र म्हणाला होता, "तुझ्याकडे ठेव, सुट्टीत आलास की खेळू." तेव्हापासून खोका उघडला नव्हता.

ऑगस्टमध्ये मामी वर आल्या. तमिळ घरांत नवरात्रात कोलू मांडतात. तीन, पाच, सात, नऊ अशा विषम पायऱ्या, त्यावर देवांच्या, माणसांच्या, वाण्याच्या दुकानाच्या, लग्नाच्या मिरवणुकीच्या बाहुल्या, आणि लाल लाकडाची मरप्पाची जोडी. संध्याकाळी बायका बघायला येतात, त्यांना सुंडल म्हणजे खोबरं घातलेली चण्याची उसळ द्यायची. हे तुम्हाला माहीत असेल. मला नवीन होतं ते पायऱ्यांसमोर जमिनीवर मुलं मांडतात ते पार्क. माती पसरायची, नाचणी किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, डोंगर, तळं, रस्ते करायचे आणि त्यात हवं ते उभं करायचं. मामींची नातवंडं यंदा येणार नव्हती, तर पार्क आमच्या मुलाने करावं, असं त्यांचं म्हणणं.

भाचा ऐकत होता. मग मराठीत मला म्हणाला, "मावशी, हा तर किल्ला आहे."

आहेच. हळिवाच्या जागी नाचणी, दिवाळीच्या जागी नवरात्र, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी तो खोका घेऊन खाली गेला आणि ऑर्कची रांग मामींपुढे लावली. हिरवी कातडी, बाहेर आलेले सुळे, खिळे ठोकलेले सोटे. मामींनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि त्यांच्या हिंदीत निकाल दिला: देवीच्या पायाशी महिषासुर एक आहे, तो पुरे. बाकी माणसं पाहिजेत.

माणसं कुठून आणायची? मी म्हटलं, मावळे कर. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत, इथे मावळे परके नाहीत. हा मुद्दा मला फारच पटला होता. त्याला नाही. त्याने खोक्यातले सैनिक एकेक करून माझ्यापुढे ठेवले. टोकदार शिरस्त्राणं, माशाच्या खवल्यांसारखी चिलखतं, घोट्यापर्यंत झगे, लांब दाढ्या, उंच ढाली. "यातलं मावळ्यांचं काय आहे?" काहीच नव्हतं. ज्या मातीचा गणपती होत नाही तिचा करायला जाऊ नये, हे खरं. मग त्याने प्राचीन संस्कृतींवरचं त्याचं एक पुस्तक आणलं आणि असिरियाच्या भिंतीवरच्या सैनिकांचं चित्र उघडलं. टोकदार शिरस्त्राणं, खवल्यांची चिलखतं, झगे, दाढ्या, उंच ढाली.

यात योगायोग कमी आहे. हे खेळ बनवणारे लोक प्राचीन इराक-इराणकडून बरंच उसनं घेतात. वॉरहॅमरमधल्या केऑस ड्वार्फ नावाच्या बुटक्यांना उंच टोप्या आणि गुंडाळ्या गुंडाळ्यांच्या दाढ्या आहेत. त्यांच्या फौजेत लमासू नावाचा पंखांचा प्राणीसुद्धा आहे, आणि ते नाव सरळ मेसोपोटेमियातून उचललेलं. म्हणजे आपण करणार होतो ते उसनं परत करण्यासारखंच.

अडचण वेगळीच निघाली. काही सैनिक असिरियन दिसत होते, काही इराणी, आणि ऑर्कचे सोटे कुणाचेच नव्हते. शिवाय काळाचा घोळ. असिरियाची राजधानी निनवे पडली इ. स. पू. ६१२ मध्ये. इराणच्या सायरसने बॅबिलॉन घेतलं इ. स. पू. ५३९ मध्ये. दोघं एका टेबलावर येणार कसे? भाचा या बाबतीत फार कडक आहे, त्याला "चालतंय" चालत नाही.

इथे माझं बी.ए. इंग्लिश पहिल्यांदा कामाला आलं. आम्हाला एस्किलसचं 'पर्शियन्स' हे नाटक होतं, इ. स. पू. ४७२ मधलं. त्याच्या टिपा समजाव्यात म्हणून मी तेव्हा हेरोडोटसचा थोडा भाग वाचला होता. इराणचा सम्राट झर्क्सिस इ. स. पू. ४८० मध्ये ग्रीसवर चालून गेला. हेरोडोटसने त्याच्या सातव्या पुस्तकात या फौजेची यादीच दिली आहे, कोणत्या देशाचे लोक, अंगावर काय, हातात काय. त्याचे आकडे अवाढव्य आहेत आणि इतिहासकार ते मानत नाहीत, पण कपड्यांचं वर्णन सोन्यासारखं आहे. असिरियन त्यात आहेत. राज्य गेलं तरी माणसं होतीच, ती आता इराणच्या फौजेत. डोक्यावर काशाची शिरस्त्राणं, अंगात तागाचं चिलखत आणि हातात लोखंडी गाठी मारलेले लाकडी सोटे.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्याने ऑर्कचा सोटा उचलून दिव्याखाली धरला. त्या दिवशी संध्याकाळी तो खोलीत गेला नाही.

याच यादीत भारतीयही आहेत. झाडावर उगवणाऱ्या लोकरीचे, म्हणजे कापसाचे कपडे, वेताची धनुष्यं आणि लोखंडी टोकांचे वेताचे बाण. हे लोक सिंधूच्या बाजूचे, कावेरीचे नव्हेत, पण मामांना ही बातमी फार आवडली आणि पुढचे दोन आठवडे कॉफी घेताना ते रोज विचारत, आपली तुकडी कुठवर आली.

आता काम. आणि इथेच मी एक चूक केली, ती सांगते.

सैनिक बदलायचा म्हणजे आधी कापावा लागतो. ऑर्कचं डोकं काढायचं, त्या जागी माणसाचं बसवायचं. नवा कटर आणला, ऑर्क पकडला, आणि भाचा थांबला. म्हणाला, "कापले तर तो काय घेऊन खेळणार?" मी कामाच्या घाईत, मान वर न करता बोलून गेले, "अरे, तो आता कुठे खेळतोय." मे महिन्यात आम्ही पुण्याला गेलो होतो. मित्र भेटला, दोघांनी मिसळ खाल्ली, मित्राचा फुटबॉलचा क्लास होता म्हणून तो गेला. खोका पिशवीत नेला होता, तो पिशवीतच परत आला. हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते मी बोलायची गरज नव्हती.

तो काही बोलला नाही. कटरला टोपण लावलं, ऑर्क खोक्यात ठेवला आणि खोका पलंगाखाली गेला. ताईने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

चार दिवस तसेच गेले. मी माफी मागितली, तो "ठीक आहे" म्हणाला, ज्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. मग एका रात्री त्याने आपणहून ताईचा फोन घेऊन मित्राला निरोप पाठवला. काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. दोन दिवस उत्तर नाही. ते दोन दिवस मी फोनची बॅटरीसुद्धा संपू दिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी इडल्या खाताना उत्तर आलं: "काप. पण ट्रोलला हात लावू नको."

ट्रोल हा फौजेतला सगळ्यात मोठा प्राणी, दोघांनी मिळून घेतलेली पहिली वस्तू. तो बाजूला काढून ठेवला. आणि आम्ही कापायला बसलो.

तुम्ही करणार असाल तर आधी तुमचा सैनिक कशाचा आहे ते बघा. कडक प्लास्टिकचा असेल तर सोपं, कटरने आणि छोट्या कानशीने काम होतं. धातूचा असेल तर पक्कड आणि बारीक करवत लागते. रेझिनचा असेल तर घासताना उडणारी पूड फुप्फुसांना वाईट, म्हणून पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ओलाच घासायचा आणि मास्क लावायचा. कटर कायम अंगापासून दूर चालवायचा, आणि एका झटक्यात कापायचं नाही, चार-पाच वेळा हलकं ओढायचं. लहान मुलं असतील तर कापायचं काम मोठ्यांनी करावं, दाढ्या त्यांना द्याव्यात. दाढ्यांत मजा जास्त आहे.

परदेशात हे काम करणारे लोक ग्रीन स्टफ नावाची दोन रंगांची पुट्टी वापरतात, निळी आणि पिवळी मळली की हिरवी होते. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील वापरलं. गळक्या नळाचं तेच. दोन कांड्या सारख्या घेऊन रंग एक होईपर्यंत मळायच्या, हातमोजे घालून, आणि थोडंच मळायचं, कारण ते लवकर घट्ट होतं. बोटाला आणि हत्याराला पाणी लावलं की चिकटत नाही. असिरियन दाढी करायची तर हनुवटीखाली चौकोनी गोळा बसवा आणि संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलच्या मागच्या पोकळ टोकाने त्यावर ओळीने बारीक गोल उमटवा. निनवेच्या भिंतीवरच्या दाढ्या अशाच दिसतात, गुंडाळ्यांच्या रांगा. इराणी टोपी त्याहून सोपी. पातळ पोळी लाटा, डोक्यावर टाका, शेंडा थोडा पुढे झुकवा, दोन्ही कानांवरून पट्ट्या हनुवटीपर्यंत आणा. ऑर्कचे सुळे लपवायला ही टोपी फार उपयोगी. अर्धे ऑर्क आम्ही डोकं न कापताच तिच्यात गुंडाळले, सुळे घासले आणि कातडीवर गव्हाळ रंग दिला. रुंद खांद्यांचे, जरा रागीट इराणी झाले.

एल्फचं रूपांतर सगळ्यात देखणं झालं. ते मुळात सडपातळ, झगेवाले, हातात भाले. त्यांचे आम्ही झर्क्सिसचे 'अमर' केले. हेरोडोटस सांगतो, हे निवडक १०,००० होते. एक पडला की लगेच दुसरा त्याच्या जागी, म्हणून आकडा कधी कमी होत नसे आणि म्हणून ते अमर. त्यातल्या १,००० जणांच्या भाल्याच्या खालच्या टोकाला सोन्याचं डाळिंब होतं, बाकी ९,००० जणांच्या चांदीचं. आमच्याकडे एल्फ वीस. मग भाच्याने हिशेब केला, दोन सोन्याचे, अठरा चांदीचे.

पण दोन-तीन सेंटिमीटरच्या सैनिकाच्या भाल्याला डाळिंब कुठून आणणार? एम-सीलचे गोळे वळून पाहिले, एकसारखे होईनात. ताई फोडणी करत होती. ती म्हणाली, "मोहरी लाव." मोहरीचा दाणा दीड मिलिमीटरच्या आसपास. सैनिक खऱ्या माणसाच्या साधारण साठाव्या हिश्श्याएवढा. दीडला साठाने गुणा, नऊ सेंटिमीटर. बाजारातलं डाळिंब. आम्ही तिघं काही वेळ नुसतं त्या दाण्याकडे बघत होतो. फेविक्विकचा थेंब, वर मोहरी, वर रंग.

इराणी रक्षकांचे कपडे कोणत्या रंगांत दाखवत याचा पुरावा मात्र आहे. इराणमधल्या सुसा इथल्या राजवाड्याच्या झिलईच्या विटा आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्यावर धनुष्य-भाले घेतलेल्या रक्षकांची रांग आहे, झग्यांवर पिवळा, तपकिरी, पांढरा आणि निळसर हिरवा, आणि कापडभर छोट्या नक्षीचे ठिपके. कुणी प्राचीन सैनिक मातकट रंगवायला सांगितले तर ऐकू नका.

इराण्यांच्या माणसाएवढ्या उंच ढाली वेताच्या आणि चामड्याच्या असत. त्यासाठी मामींनी जुनी कोरै गवताची चटई दिली, तिकडे घरोघरी असते ती. तिच्या काड्या उभ्या चिरून शेजारी शेजारी चिकटवल्या की ढाल तयार. हे काम भाऊजींनी उचललं. सुरुवातीला आठवीच्या वर्षी हे काय चाललंय म्हणून ते दोनदा बोलले होते. एका रविवारी ते काड्या चिरताना दिसले, आणि आम्ही कुणी काही बोललो नाही. सतरा ढाली झाल्या.

सप्टेंबरमध्ये मामा आम्हाला जवळच्या स्वामीमलैला घेऊन गेले. चोळांच्या काळापासूनची पंचधातूच्या मूर्तींची परंपरा तिथे अजून चालू आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. मूर्ती आधी मेणाची करतात, मधमाश्यांचं मेण, राळ आणि शेंगदाण्याचं तेल यांच्या मिश्रणाची. मग त्यावर कावेरीच्या बारीक गाळाचे थर देतात, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. एका कार्यशाळेत एक कारागीर नटराजाचे हात वेगळे करून ठेवत होता आणि गरम पातं टेकवून एकेक हात खांद्याला जोडत होता. जोडावर बोट फिरवलं की जोड नाहीसा. भाच्याने खिशातून बिनहाताचा एक असिरियन काढून त्यांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि मामांमार्फत एवढंच सांगितलं की खांदा आधी नीट कर, हात नंतर. घरी येऊन आम्ही अकरा जणांचे हात काढून पुन्हा बसवले. खरंच, आधीचे हात वाऱ्यावर आल्यासारखे दिसत होते.

दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर तर कुंभकोणमच्या उंबऱ्यावरच आहे. बाराव्या शतकातलं, दुसऱ्या राजराज चोळाचं, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. त्याचा पुढचा मंडप रथासारखा आहे, बाजूला दगडी चाकं आणि घोडे. रथ कसा बसवायचा ते बघायला आम्ही गेलो आणि दुसऱ्याच गोष्टीत अडकलो. तिथे एका शिल्पात बैल आणि हत्ती यांना मिळून एकच डोकं आहे. डावीकडचं अंग झाकलं तर एक प्राणी, उजवीकडचं झाकलं तर दुसरा. असिरियाचा लमासू हीच गंमत पायांनी करतो. बैलाचं शरीर, गरुडाचे पंख, दाढीवाल्या माणसाचं डोकं आणि पाय पाच. समोरून पाहिलं तर दोन पाय जुळवून स्थिर उभा, बाजूने पाहिलं तर चार पायांवर चालतोय. भाचा दहा मिनिटं हत्तीचं अंग झाकत-उघडत उभा होता. घरी येऊन त्याने मामींच्या अडगळीतला कान तुटलेला मातीचा नंदी मागून घेतला, ग्रिफिनचे पंख त्याला लावले, आणि टाचणीच्या सांगाड्यावर एम-सीलचा पाचवा पाय चढवला. नंदी देताना मामींनी आधी नमस्कार केला.

सगळंच जमलं असं समजू नका. प्रायमरचा स्प्रे मी एका पावसाळी संध्याकाळी गच्चीवर मारला. कावेरीकाठची ती दमट हवा. सकाळी पाच सैनिक पिठात लोळल्यासारखे पांढुरके आणि खरखरीत. ते पाच मी घासून घासून वाचवले, पण दोघांचे चेहरे गेले. त्यांना आम्ही पाठमोरं उभं केलं. स्प्रे कोरड्या दुपारीच मारा. आणखी एक, सुमेरचा चार चाकी गाडा. ब्रिटिश म्युझियममध्ये उरचा जो प्रसिद्ध चित्रफलक आहे, साधारण इ. स. पू. २५०० चा, त्यावर असे गाडे आहेत, आऱ्या नसलेल्या भरीव चाकांचे. चाकांना आम्ही भाऊजींच्या जुन्या शर्टाची बटणं लावली. पण गाडा ओढायला घोडे चालणार नव्हते, कारण त्या काळी सुमेरमध्ये युद्धाला घोडे नव्हते, गाढवाच्या जातीचे प्राणी जुंपत. मग चार घोड्यांना पुट्टीचे लांब कान केले. ते सशांसारखे दिसतात. भाच्याला मान्य नाही, पण दिसतात. आणि झर्क्सिसच्या फौजेहून दोन हजार वर्षं जुना असल्यामुळे हा गाडा त्याने पार्कच्या पलीकडच्या टेकडीवर एकटाच ठेवला, मधे तळं घालून. तळ्यात अक्रोडाच्या अर्ध्या टरफलाची गोल होडी. इराकच्या नद्यांवर अशा होड्या चालत, हेरोडोटसने पाहिलेल्या त्या कातड्याच्या होड्यांत एखादं गाढवही असे. मामांनी ती बघून लगेच ओळखलं, "परिसल!" कावेरीवर होगेनक्कलला याच चालतात.

भारतीय तुकडी सात जणांची झाली. टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून धोतरं नेसवली. इराणमधल्या पर्सेपोलिसच्या जिन्यावर भेटी घेऊन आलेले भारतीय कोरलेले आहेत, तेही धोतरातच. धनुष्यं हिरांची, म्हणजे खराट्याच्या काडीची, चिरून वाकवलेली.

एकूण खर्च बाराशे रुपयांच्या आत झाला, त्यातले निम्मे रंग आणि दोन बारीक ब्रश यांचे. सैनिक आधीच होते म्हणून एवढ्यात भागलं. तुमच्याकडे नसतील तर यासाठी मुद्दाम महागडे आणू नका, जत्रेतले प्लास्टिकचे सैनिकही चालतात.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पार्क मांडलं. नाचणी चांगली बोटभर उगवली होती. पायरीच्या बरोबर खाली अमरांच्या दोन रांगा, मागे सोटेवाले असिरियन, डाव्या हाताला भारतीय, दरवाज्याशी लमासू. उरला ट्रोल. त्याला हात लावायचा नव्हता, म्हणजे हिरवाच, सुळ्यांसकट, आणि मामींची अट माणसांची. भाचा त्याला घेऊन बराच वेळ मातीपाशी बसला होता. मग त्याने डोंगराच्या मागच्या अंगाला खड्डा खणला. पुण्याच्या किल्ल्यात वाघाची गुहा असते, तशी गुहा. ट्रोल आत बसला, बाहेर फक्त नाक आणि एक हात. मामींनी ते पाहिलं, मलाही कळलं की पाहिलं, आणि त्या सुंडलचं बघायला आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या गल्लीतल्या बायका आल्या, बरोबर चार-पाच मुलं. त्यातला एक भाच्याच्या वर्गातला. त्याने सगळी फौज वाकून बघितली, मोहरीची डाळिंबंही बघितली, मग पोटावर झोपून गुहेत डोकावला आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मी दुभाषी म्हणून मामांकडे बघितलं. तेवढ्यात भाचा म्हणाला, "अदु एन फ्रेंडोडदु."

ते माझ्या मित्राचं आहे. मग त्या मुलाने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो मात्र भाच्याला कळला नाही, म्हणून दोघंही गुहेपाशी पालथे पडून हातवारे करायला लागले.